बर्फातळीच्या उन्हाचा माग

१८४० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश आरमाराची ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजे अंटार्क्टिकाच्या भोवतालचा बर्फ फोडत दक्षिणेकडे चालली होती. कप्तान जेम्स क्लार्क रॉस यांच्या या मोहिमेचा मुख्य हेतू पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे घेण्याचा होता. ‘एरेबस’वर साहाय्यक शल्यवैद्य म्हणून जोसेफ डाल्टन हूकर नावाचा विशीतला तरुण होता. हुद्दा वैद्याचा, पण जीव सगळा वनस्पतींत. जिथे झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडीही नाही, तिथे वनस्पतिशास्त्राच्या माणसाने पाहायचे तरी काय? हूकरने बर्फ पाहिला. जहाजाच्या धक्क्याने बर्फाची लादी उलटली की तिची खालची बाजू पांढरी नसे, तपकिरी असे. तो रंग त्याने बाटल्यांत भरला आणि बर्लिनला एहरेनबर्ग यांच्याकडे धाडला. सूक्ष्मजीवांच्या बाबतीत त्या काळी त्यांच्याइतका जाणकार युरोपात क्वचितच कोणी होता.

तो रंग डायटमांचा निघाला. सिलिकाच्या काचेसारख्या कवचात राहणारे हे एकपेशी शैवाल. सागरी जिवांच्या पोटातही हीच कवचे सापडत होती. हूकरने त्यावरून अनुमान बांधले, की या उजाड वाटणाऱ्या समुद्रात गवताची जागा डायटमांनी घेतली आहे आणि तिथले सारे प्राणिजीवन अखेर त्यांच्यावर पोसले जाते. अनुमान बरोबर होते. पण बर्फाच्या बुडाशी उगवलेला कार्बन नेमका कोणाच्या अंगी लागतो आणि किती, याचा भक्कम पुरावा हाती यायला पुढची दीडशेहून अधिक वर्षे लागली.

हा प्रश्न इतका चिवट का ठरला, ते समजायला या शैवालाचे राहणे पाहावे लागते. समुद्राचे पाणी सुमारे उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते. गोठताना मीठ बाहेर ढकलले जाते आणि बर्फात बारीक, खारट पाण्याने भरलेल्या नळ्या उरतात. या नळ्यांत आणि बर्फाच्या अगदी तळच्या काही सेंटिमीटरांत डायटम वस्ती करतात. आर्क्टिकमध्ये मार्चच्या सुमाराला सूर्य परततो. वरच्या बर्फातून आणि हिमातून गाळून उतरणारा उजेड बहुतेक वेळा पृष्ठभागावरच्या उजेडाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो. तेवढ्यावर यांचे भागते. एप्रिल-मेपर्यंत बर्फाचे बूड तपकिरी होते. मोकळ्या पाण्यातल्या वनस्पती-प्लवकांना बहर येतो तो बर्फ फुटल्यावर, म्हणजे कित्येक आठवड्यांनी.

मधल्या या आठवड्यांवर अनेकांचा संसार चालतो. ‘कॅलॅनस ग्लेशियालिस’ हा तांदळाच्या दाण्याहूनही लहान कवचधारी जीव घ्या. त्याची मादी बर्फातळीचे शैवाल खाऊन अंडी घालते आणि पिले खायला लागेपर्यंत मोकळ्या पाण्यातला बहर सुरू झालेला असतो. या कॅलॅनसवर ध्रुवीय कॉड जगतो, कॉडवर सील आणि सीलवर पांढरे अस्वल. अन्नसाखळी अशी सांगायला सोपी आहे. पण अस्वलाच्या शरीरातला कार्बन बर्फातळीचा किती आणि मोकळ्या पाण्यातला किती, हे सांगायचे कसे? दोन्हीकडे डायटमच आहेत, दोन्हीकडे प्रकाशसंश्लेषणच आहे. पोट फाडून पाहिले तर शेवटचे जेवण कळते, आणि अस्वलाच्या पोटात बर्फातळीचे शैवाल सापडत नाही. तिथे असतो सील.

डायटमांचा ‘खूण’ म्हणून उपयोग करण्याची कल्पना मात्र जुनी आहे, आणि तिची पहिली मोठी हकिगत फ्रित्योफ नान्सेनच्या नावावर आहे. १८७८ मध्ये स्वीडनचे नॉर्डेनशेल्ड ‘वेगा’ जहाज घेऊन आशियाच्या उत्तर किनाऱ्याने निघाले. बेरिंगची सामुद्रधुनी थोड्याच अंतरावर असताना जहाज बर्फात अडकले आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहिले. या प्रवासात फ्रान्स शेलमान या वनस्पतिशास्त्रज्ञाने केप वांकारेमजवळच्या एका बर्फखंडावरून डायटमांचा नमुना घेतला. उप्सालाचे प्राध्यापक क्लेव्ह यांनी तो तपासून ठेवला. काही वर्षांनी ग्रीनलंडच्या पूर्वेकडील वाहत्या बर्फावरचा चिखल त्यांच्यापुढे आला, आणि त्यात तेच डायटम, त्याच जाती, तेच उपप्रकार निघाले. त्यांनी तपासलेल्या हजारो नमुन्यांत अशी जुळणी दुसरी नव्हती. याचा अर्थ सैबेरियाच्या टोकाचा बर्फ ध्रुवावरून वाहत ग्रीनलंडला पोहोचत होता. नान्सेनने १८९२ मध्ये लंडनच्या भूगोल मंडळापुढे आपली धाडसी योजना मांडली, तेव्हा हा पुरावा पुढे ठेवला. १८९३ मध्ये ‘फ्राम’ मुद्दाम बर्फात अडकवून घेण्यासाठी निघाले आणि १८९६ मध्ये अटलांटिकच्या बाजूने सुखरूप बाहेर आले. वाटेत नान्सेन स्वतः बर्फावरच्या वितळलेल्या डबक्यांतले शैवाल सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसे.

डायटमांनी बर्फाचा पत्ता सांगितला, पण तो कवचांवरून. कवच प्राण्याच्या पोटापर्यंत टिकते, त्याच्या चरबीत उतरत नाही. चरबीत उतरेल अशी खूण हवी होती. ती सापडली भलतीकडेच. ती शोधणाऱ्यांच्या डोक्यात बर्फही नव्हता आणि अस्वलही नव्हते.

१९७० च्या दशकात समुद्रतळाच्या गाळातले तेल आणि हायड्रोकार्बन तपासणाऱ्या रसायनतज्ज्ञांना एक अनोळखी कुटुंब वारंवार दिसू लागले. मेक्सिकोच्या आखातातील गाळावरच्या १९७६ च्या कामात २५ कार्बन अणूंची अशी संयुगे नोंदली गेली. त्यांची साखळी सरळ नव्हती, तिला विचित्र फांद्या होत्या. मग जगभरच्या गाळात ती दिसू लागली, आणि ती कोण बनवते हे कोणालाच ठाऊक नव्हते. इंग्लंडच्या प्लिमथ येथे स्टीव्ह रोलंड आणि रॉबसन यांनी प्रयोगशाळेत तशीच संयुगे तयार करून त्यांची रचना पक्की केली. १९८६ मध्ये ते ‘नेचर’मध्ये छापून आले. रचना कळली, कर्ता कळला नाही. १९८८ मध्ये अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो साउंडमधील बर्फातल्या डायटमांत याच कुटुंबातले दोन दुहेरी बंध असलेले एक संयुग सापडले. पण तो मिश्र नमुना होता. त्यातल्या कोणत्या डायटमाची ही करामत, हे त्यावरून ठरत नव्हते.

१९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात फोकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायटमांच्या शुद्ध पैदाशी तपासल्या तेव्हा दोन कर्ते हाती लागले. त्यातला एक होता ‘हॅस्लिया ऑस्ट्रिएरिया’. हे नाव फ्रान्समध्ये कालवे खाणाऱ्यांना परिचयाचे असायला हरकत नाही. अटलांटिक किनाऱ्यावर मारेन-ओलेरोनच्या उथळ तळ्यांत कालवे मोठी करतात. तिथल्या काही कालव्यांचे कल्ले हिरवट होतात आणि त्यांना बाजारात जास्त भाव येतो. हा हिरवा रंग देणारा निळ्या टोकांचा डायटम म्हणजेच ऑस्ट्रिएरिया. १८२० मध्ये गायाँ यांनी या रंगाचा संबंध एका सूक्ष्मजीवाशी जोडला होता. कालव्यांच्या धंद्यातला हा ओळखीचा जीव गाळातल्या गूढ हायड्रोकार्बनाचा कर्ता निघाला, आणि तेलाचे रसायनशास्त्र व समुद्राचे जीवशास्त्र एका टेबलाशी आले.

प्लिमथमध्ये हे काम सायमन बेल्ट, ग्युयोम मासे आणि रोलंड यांनी पुढे नेले. कोणत्या डायटमात कोणते संयुग आणि दुहेरी बंध किती, याची ओळख वाढत गेली. मग कॅनडाच्या आर्क्टिकमधून बर्फाचे आणि गाळाचे नमुने आले. २००७ मध्ये ‘ऑर्गॅनिक जिओकेमिस्ट्री’ या नियतकालिकात बेल्ट, मासे, रोलंड आणि त्यांच्या कॅनडातील सहकाऱ्यांचा निबंध आला. समुद्री बर्फातल्या डायटमांत त्यांना एकच दुहेरी बंध असलेले २५ कार्बनांचे संयुग सापडले होते. तेच संयुग आर्क्टिकच्या गाळात किमान नऊ हजार वर्षे मागेपर्यंत टिकून होते. वसंतातल्या समुद्री बर्फाचा एवढा स्वच्छ रासायनिक दाखला आधी कोणाच्या हाती नव्हता. त्यांनी त्याला ‘आयपी-२५’ म्हटले : बर्फाचा निर्देशक, कार्बन पंचवीस.

सुरुवातीला हे नाणे चालले ते हवामानाच्या इतिहासात. २००८ मध्ये मासे आणि सहकाऱ्यांनी आइसलंडच्या उत्तरेकडील समुद्रतळाच्या गाळात गेल्या हजार वर्षांचे आयपी-२५ मोजले, आणि आइसलंडच्या जुन्या लिखित नोंदींतल्या बर्फाच्या वर्षांशी ते ताडून पाहता आले. २००९ मध्ये फ्राम सामुद्रधुनीतला तीस हजार वर्षांचा बर्फ याच खुणेने वाचला गेला. हे काम मोलाचेच होते. पण मला स्वतःला या कहाणीचा पुढचा टप्पा जास्त मोठा वाटतो. गाळात पडलेले संयुग मेलेल्या बर्फाविषयी बोलते. तेच संयुग जिवंत प्राण्यात सापडले तर ते आज चाललेल्या जेवणाविषयी बोलेल.

संधी लगेच आली. २००७-०८ च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात कॅनडाचे ‘अमंडसेन’ हे बर्फफोडे जहाज हिवाळाभर अमंडसेन आखातात राहिले. मॅनिटोबा विद्यापीठाचे डेव्हिड बार्बर त्या मोहिमेचे प्रमुख होते. त्या समुद्रातून जमवलेले प्राणी प्लिमथला थॉमस ब्राउन आणि बेल्ट यांनी तपासले. प्लवकांत आयपी-२५ होते. तळावरच्या प्राण्यांतही होते. २०१२ मध्ये ते छापून आले. खाणाऱ्याच्या अंगात बर्फातळीच्या शैवालाची थेट, निःसंशय खूण सापडली होती.

ही खूण आधीच्या खुणांहून वेगळी कशी? चरबीतली मेदाम्ले जुन्या तपासात वापरली जात. काही मेदाम्ले डायटमांकडे बोट दाखवतात, पण बर्फातल्या डायटमांकडेच नव्हे. कार्बनच्या समस्थानिकांचाही आधार होता. बर्फाच्या बंद नळ्यांत कार्बन डायऑक्साइड अपुरा पडतो, म्हणून तिथले शैवाल जड कार्बन-१३ जास्त घेते. २००८ मध्ये सुझन बज आणि सहकाऱ्यांनी अलास्काच्या बॅरो भागात मेदाम्ले व समस्थानिके एकत्र वापरून व्हेल आणि सीलपर्यंत माग काढला होता. तरी दोन उगमांचे आकडे एकमेकांत मिसळतात आणि प्राण्याचे शरीर ते आणखी बदलते. आयपी-२५ हे टांकसाळीच्या शिक्क्यासारखे आहे. कितीही हातांतून गेले तरी ते कोठे पाडले, ते वाचता येते. प्राण्याला त्याचा पोषणासाठी फारसा उपयोग नाही. म्हणूनच ते अंगात ओळखण्याजोगे राहते.

पण टांकसाळ कोणती? बर्फात डायटमांच्या कितीतरी जाती असतात. २०१४ मध्ये ब्राउन, बेल्ट, तातारेक आणि मंडी यांनी हा प्रश्न सोडवला, आणि सोडवला तो हाताने. कॅनडाच्या आर्क्टिकमधील मिश्र नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, बारीक नळीने एकेका जातीच्या पेशी वेचायच्या, पुरेशा पेशी जमल्या की त्यांचे रसायन काढायचे. अशा वेचणीतून कर्ते ठरले : ‘प्लुरोसिग्मा स्टुक्सबर्गी’चा एक उपप्रकार, ‘हॅस्लिया शेलमानी’ आणि ‘हॅस्लिया क्रुसिगेरॉइड्स’ किंवा तिच्याशी अगदी साधर्म्य असलेली ‘स्पिक्युला’. बर्फातल्या डायटमांत यांचा वाटा बहुधा एक ते पाच टक्के. एवढ्या थोड्यांनी एवढा टिकाऊ शिक्का मारावा, याचे मला अजून नवल वाटते. आणि नावे पाहा. शेलमान म्हणजे ‘वेगा’वरचे तेच वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि स्टुक्सबर्ग त्याच जहाजावरचे प्राणिशास्त्रज्ञ. क्लेव्ह आणि ग्रुनो यांनी एकोणिसाव्या शतकात आर्क्टिकच्या डायटमांची वर्णने लिहिताना ही नावे दिली होती. बर्फाचा पत्ता सांगणारा नमुना ज्यांच्या मोहिमेतून आला, त्यांचीच नावे या जाती वागवतात.

एकट्या आयपी-२५ ने मात्र ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच कळते. वाटा कळायला दुसरी बाजू हवी. मोकळ्या पाण्यातले डायटम त्याच कुटुंबातले तीन दुहेरी बंधांचे संयुग बनवतात. २०१४ मध्ये ब्राउन, यर्कोव्स्की, फर्ग्युसन, बेल्ट आणि सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या संयुगांचे गुणोत्तर काढले आणि त्याला ‘एच-प्रिंट’ म्हटले. शून्याच्या जवळचा आकडा म्हणजे सगळे बर्फाचे, शंभराच्या जवळचा म्हणजे सगळे मोकळ्या पाण्याचे. आकडा खराच वाट्याशी जुळतो का, हे पाहायला ब्राउन आणि बेल्ट यांनी आर्टेमिया नावाच्या छोट्या खाऱ्या कोळंबीला दोन्ही शैवालांचे ठरावीक प्रमाणातले मिश्रण खाऊ घातले आणि तिच्या अंगातला आकडा मोजला. आधी माहीत असलेल्या जेवणावर आकडा तपासून घेतला, मगच न दिसणाऱ्या जेवणावर लावला.

प्रयोगशाळेतले काम जवळून पाहिले तर फार साधे दिसते. यकृताचा छोटा तुकडा अल्कोहोल आणि कॉस्टिक पोटॅशमध्ये तापवतात. चरबीचा साबण होतो आणि पाण्याकडे जातो. हायड्रोकार्बनांचा साबण होत नाही, ते वर टाकलेल्या हेक्झेनमध्ये चढतात. तो थर सिलिकाच्या नळीतून गाळला की जवळजवळ फक्त हायड्रोकार्बन उरतात. मग वायू-वर्णलेखन यंत्रात मिलिमीटरच्या अंशाएवढ्या बारीक पोकळीच्या लांब नळीतून एकेक संयुग आपापल्या वेळी बाहेर पडते आणि पुढे वस्तुमान मोजले जाते. आयपी-२५ मध्ये २५ कार्बन आणि ५० हायड्रोजन, म्हणून वस्तुमान ३५०. योग्य मिनिटाला ३५० वर शिखर उठले की उन्हाळ्याच्या आधी कधीतरी बर्फाच्या बुडाशी पडलेले ऊन इथवर आले, असा त्याचा अर्थ.

इथवर म्हणजे कुठवर, हे कळले ते उत्तर कॅनडातल्या इनुइट लोकांमुळे. आपल्या पोटापाण्यासाठी केलेल्या शिकारीतले ऊतींचे नमुने त्यांनी दिले. बॅफिन बेटाच्या कंबरलँड साउंडमधले सील, मग तिथलेच पांढरे बेलुगा देवमासे आणि अखेर नुनावुतमधली पांढरी अस्वले. ज्यांच्याकडे हजारो वर्षांचे बर्फाचे ज्ञान आहे, त्यांच्या हातून नमुना आला नसता तर हा तपास प्रयोगशाळेत अडून बसला असता. २०१८ मध्ये ब्राउन, गॅलिशिया, थीमन, बेल्ट, यर्कोव्स्की आणि डिक यांनी अस्वलांच्या यकृतांचे निकाल प्रसिद्ध केले. अस्वलांच्या शरीरात बर्फाच्या शैवालातून आलेल्या कार्बनाचा वाटा ७२ ते १०० टक्के होता, सरासरी ८६. अस्वलाला शिकारीसाठी बर्फाचा पाट लागतो हे सर्वांना ठाऊक होते. त्याचे ताटही बर्फातच वाढले जाते, हे या आकड्यांनी दाखवले. सहकाऱ्यांपैकी मार्कस डिक हे नुनावुत सरकारचे अस्वल-शास्त्रज्ञ. एप्रिल २०२१ मध्ये अस्वलांची पाहणी करतानाच रेझोल्यूट बेजवळ हेलिकॉप्टर कोसळून ते, वैमानिक आणि देखभाल-अभियंता असे तिघे गेले. हे आकडे वाचताना त्यांचे नाव ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

दक्षिणेकडेही हा शोध पोहोचला. १९८८ मध्ये मॅकमर्डोच्या बर्फात दिसलेल्या संयुगाचा कर्ता २०१६ मध्ये ठरला : ‘बर्कलेया अडेलिएन्सिस’ हा किनाऱ्याजवळच्या घट्ट बर्फात वाढणारा डायटम. त्या आधीच मासे आणि गूट यांच्या गटाने अडेली लँडच्या किनाऱ्यावरील माशांत आणि पक्ष्यांत हे संयुग मोजले होते. हूकरने ज्या समुद्रात तपकिरी लादी पाहिली, त्या समुद्रातल्या खाणाऱ्यांकडे आता रसायनाच्या भाषेत विचारणा करता येते.

या पद्धतीच्या मर्यादा सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही. २०१२ च्या सप्टेंबरात आर्क्टिकचा बर्फ उपग्रहांच्या नोंदीतल्या सर्वांत कमी विस्तारावर आला, सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर. त्याच उन्हाळ्यात जर्मनीच्या ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून आन्ट्ये बोएटियुस यांच्या तुकडीने मध्य आर्क्टिकचा चार हजार मीटर खोल तळ पाहिला. तिथे ‘मेलोसिरा आर्क्टिका’ या शैवालाच्या लांब जटा पडल्या होत्या आणि समुद्रकाकड्या त्यांवर चरत होत्या. बर्फातळीचा एवढा मोठा पुरवठा करणारी मेलोसिरा आयपी-२५ बनवणाऱ्यांच्या यादीत नाही. म्हणजे या शिक्क्याचे नाणे न दाखवताही बर्फाचा कार्बन वाहतो. दुसरी गोष्ट, एच-प्रिंट वाटा सांगते, वजन सांगत नाही. एकूण खाणे अर्ध्यावर आले आणि वाटा तसाच राहिला, तरी आकडा हलणार नाही.

२०२३ मध्ये चेल्सी कॉख आणि अनेक देशांतील सहकाऱ्यांनी आर्क्टिकभरचे नमुने एकत्र मांडले. १५५ जातींचे सुमारे २,३०० नमुने : अपृष्ठवंशी, मासे, पक्षी, सस्तन प्राणी. ९६ टक्के जीवांत बर्फाच्या शैवालाची खूण सापडली, आणि ती जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत, वर्षभर. बर्फाचा बहर तर वसंतातल्या काही आठवड्यांचाच. मग भर हिवाळ्यात, ध्रुवीय रात्रीत, ती येते कुठून? उत्तराचा एक मोठा भाग समुद्रतळाकडे जातो. बर्फ वितळताना शैवालाचे गठ्ठे वेगाने खाली बसतात, थंड गाळात महिनोन्‌महिने टिकतात, आणि तळचे प्राणी ते हिवाळ्यातही खातात. तळावरून ते पुन्हा वर, मासे आणि सस्तन प्राण्यांपर्यंत चढते.

ही साठवण दर वसंतात भरावी लागते. बर्फ उशिरा धरतो आणि लवकर सुटतो तसे तिच्यात काय पडते, हे एका मोहिमेतून ठरणार नाही. त्यासाठी त्याच खाड्यांतून, त्याच जातींच्या प्राण्यांतून, त्याच शिकाऱ्यांच्या सहकार्याने वर्षामागून वर्ष यकृताचे तुकडे, शिंपले आणि गाळ गोळा करत राहावे लागेल, आणि दर वेळी ३५० वर उठणारे शिखर आधीच्या वर्षांच्या शिखराशी ताडून पाहावे लागेल.